खराटेवाल्या गाडगेबाबांनी पेशंटच्या घरच्यांसाठी मुंबईत धर्मशाळा का बांधली?

गाडगेबाबा म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? हातात खराटा, डोक्यावर मडक्याचं खापर आणि अंगावर चिंध्यांचे कपडे. शाळेच्या भिंतीवर हेच चित्र असतं, ग्रामस्वच्छता अभियानाच्या बोर्डावर हेच असतं आणि २० डिसेंबरला पुण्यतिथीच्या स्टेटसलाही हेच असतं.

चित्र खरं आहे, त्यात वाद नाही. पण त्या खराट्याच्या आड बाबांचं एक मोठं काम झाकलं गेलंय. १९५४ साली मुंबईच्या जे.जे. हॉस्पिटलमध्ये त्यांच्या पुढाकाराने एक धर्मशाळा उभी राहिली. ती यात्रेकरूंसाठी नव्हती आणि साधुसंतांसाठीही नव्हती. खेड्यापाड्यातून उपचाराला आलेल्या पेशंटसाठी आणि त्यांच्याबरोबर आलेल्या घरच्यांसाठी ती होती.

आता तुम्ही म्हणाल, त्यात एवढं काय? धर्मशाळा तर गावोगावी असतात.

तर आधी जरा त्या काळच्या एखाद्या कुटुंबाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. वऱ्हाडातल्या किंवा कोकणातल्या खेड्यात लेकरू आजारी पडलंय. गावातले उपाय झाले, तालुक्याच्या डॉक्टरने हात टेकले आणि मुंबईला न्या म्हणून सांगितलं. मुंबईत जे.जे. हॉस्पिटल १८४५ पासूनचं. परळला खास मुलांसाठीचं वाडिया हॉस्पिटल १९२९ पासून. म्हणजे डॉक्टर आहेत, खाटा आहेत. गावातून उसनवारी करून गाडीभाडं जमवलं आणि आईबाप लेकराला घेऊन बोरीबंदरला उतरले. लेकराला वॉर्डात खाट मिळाली.

पण आईबापाला?

सरकारी दवाखान्यात खाट पेशंटला मिळते, घरच्यांना नाही. भेटायची वेळ संपली की बाहेर. मुंबईत ओळखीचं कुणी नसेल तर फुटपाथ, दवाखान्याची पायरी, नाहीतर स्टेशनचा फलाट. खानावळीत दोन वेळ जेवायचं तर आठवड्यात गाठोड्यातले पैसे संपणार. तिकडे गावात रोजची मजुरी बुडालेली, मागे राहिलेली पोरं शेजाऱ्यांच्या भरवशावर. अशा वेळी बापाच्या मनात एकच हिशोब चालू होतो, अजून किती दिवस? आणि बऱ्याचदा डॉक्टरने सोडायच्या आधीच लेकराला उचलून गावची गाडी धरली जाते.

औषध फुकट असूनही उपचार अर्धवट राहतो तो असा. हे ज्याच्या लक्षात आलं तो माणूस डॉक्टर नव्हता, पुढारी नव्हता आणि शाळेची पायरीही चढलेला नव्हता.

अमरावती जिल्ह्यात अंजनगाव सुर्जी तालुक्यात शेंडगाव नावाचं गाव आहे. तिथे २३ फेब्रुवारी १८७६ ला एका परीट कुटुंबात डेबूजींचा जन्म झाला. पूर्ण नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडील झिंगराजी दारूच्या नादी लागले आणि त्यातच गेले. डेबूजी तेव्हा जेमतेम आठ वर्षांचे होते. आई सखुबाई पोराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरीला आली. मामाच्या घरी गुरं राखणं आणि शेतात राबणं यातच डेबूजींचं बालपण गेलं. पूर्णेच्या पुरात पोहायला ते घाबरत नसत, असं सांगतात.

पुढे मामाची शेतीही सावकाराच्या कर्जात अडकली. जमिनीचा ताबा घ्यायला आलेल्या सावकाराच्या माणसांना डेबूजींनी शेतातून पिटाळून लावल्याची गोष्ट वऱ्हाडात आजही रंगवून सांगतात. दारूने बाप नेला आणि कर्जाने जमीन. म्हणून नंतर कीर्तनात बाबा दारूवर आणि कर्ज काढून केलेल्या लग्नावर बोलायचे, तेव्हा ते ऐकीव ज्ञान नसायचं.

१८९२ साली कुंताबाईंशी लग्न झालं. पहिल्या मुलीच्या बारशाला भावकीने रिवाजाप्रमाणे मटण-दारूची अपेक्षा ठेवली होती. डेबूजींनी गोडाधोडाचं जेवण वाढलं. भावकी चिडली, हे बधले नाहीत. आणि १ फेब्रुवारी १९०५ ला, वयाच्या २९ व्या वर्षी, भरला संसार मागे ठेवून ते घराबाहेर पडले.

हे घर सोडणं आज वाचताना थोरपणाचं वाटतं, पण मागे राहिलेल्यांसाठी ते काय असेल याचाही विचार करायला हवा. म्हातारी आई, बायको आणि लहान मुली मागे होत्या. बाबा अनेक वर्षं कुठे आहेत हे घरी धड कळत नव्हतं. पुढे अमरावती जिल्ह्यातल्या ऋणमोचन इथे कुटुंबाला आणलं गेलं, पण तिथेही साध्या झोपडीत. सगळ्या महाराष्ट्राला निवारा देणाऱ्या माणसाच्या घरच्यांच्या वाट्याला तो सगळ्यात कमी आला.

घर सोडल्यावर बाबा गावोगाव फिरू लागले. एका हातात खराटा, दुसऱ्या हातात मडकं. जेवायचं त्यात, पाणी प्यायचं त्यात आणि ऊन लागलं की तेच डोक्यावर. त्या गाडग्यामुळे लोक गाडगेबाबा म्हणू लागले. गावात शिरलं की आधी गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन.

कीर्तन तरी कसलं? वऱ्हाडी बोलीत लोकांना प्रश्न विचारायचे आणि लोकांकडूनच उत्तर काढून घ्यायचे. देवाला बोकड का कापता? नवस केल्याने पोर बरं होतं का? अंगात येणाऱ्याच्या नादाने किती घरं बुडाली? हसवत हसवत ते माणसाला अशा कोपऱ्यात आणून उभं करायचे की पळायला जागा उरायची नाही. मूल आजारी पडलं तर भगताकडे जाऊ नका, हे त्यांच्या सांगण्याचं एक मोठं कलम होतं.

इथे एक अडचण होती, आणि ती बाबांना इतर अनेक सुधारकांपेक्षा लवकर दिसली असावी. भगत गावातच असतो. तो रात्री-बेरात्री येतो, आईबापाला पोराजवळ बसू देतो, आणि कोंबडं-नारळावर काम भागवतो. दवाखाना लांब असतो. तिथे गेलं की पोर एकीकडे आणि आईबाप दुसरीकडे. तेव्हा भगत सोडा म्हणणं सोपं आहे. सोडल्यावर त्या माणसाने मुंबईत रात्र कुठे काढायची, हे कुणीतरी बघायला नको का?

बाबांनी ही नजर पंढरपुरात कमावली होती.

आषाढी-कार्तिकीला लाखो वारकरी पंढरपूरला जमायचे. ज्यांच्याकडे पैसे होते ते बडव्यांच्या वाड्यात आणि मठांत उतरायचे. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या वारकऱ्यांना मात्र कुणी उंबऱ्याच्या आत घेत नसे. मंदिरही त्यांना बंद होतं. साने गुरुजींच्या उपोषणानंतर ते उघडलं १९४७ साली. त्याच्या जवळपास तीन दशकं आधी, १९२० च्या आसपास, बाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी केली होती. देवळाच्या दारात ज्याला अडवलं जात होतं त्या माणसाला निदान डोक्यावर छप्पर मिळालं. पुढे नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणीही धर्मशाळा झाल्या.

या सगळ्याला पैसा कुठून आला? कीर्तनातून. ऐकणाऱ्यांत मजूर असायचे तसे शेटजी आणि अधिकारीही असायचे. बाबांनी मागितलं की लोक देत, आणि तो पैसा जायचा इमारतीत, घाटात, सदावर्तात. स्वतःच्या जेवणासाठी मात्र ते भाकरी मागून आणायचे. स्वतः बांधलेल्या धर्मशाळेतही पाहुण्यासारखं राहणं त्यांना नको असायचं.

त्यांच्या धर्मशाळांची शिस्त साधी होती. जात विचारायची नाही. जागा झाडायची, घाण करायची नाही, दारू चालणार नाही. खराटा आणि धर्मशाळा ही एकाच माणसाची कामं आहेत हे इथे दिसतं. शेकडो माणसं एका छपराखाली राहणार असतील, तर स्वच्छतेशिवाय तिथे पटकी-हगवण पसरायला कितीसा वेळ लागणार? यात्रेत पटकीने माणसं कशी मरतात हे त्या पिढीने डोळ्यांनी पाहिलं होतं.

आता १९२३ सालाकडे येऊ.

बाबांचा मुलगा गोविंदा पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने गेला. तारीख होती ५ मे १९२३. बाबा तेव्हा कोकणात खारेपाटणला होते. कीर्तन चालू असताना बातमी पोचली. त्यांनी कीर्तन थांबवलं नाही, शेवटपर्यंत नेलं.

हा प्रसंग बाबांच्या प्रत्येक चरित्रात आहे आणि बहुतेक ठिकाणी तो वैराग्याचा नमुना म्हणून सांगितला जातो. पण मुलगा कशाने गेला याकडे फारसं कुणी थांबून बघत नाही. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर त्या काळी इलाज नव्हता असं नाही. फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी १८८५ सालीच लस दिली होती. भारतात १९०० साली कसौलीला आणि १९०७ साली कुन्नूरला पाश्चर इन्स्टिट्यूट सुरू झाल्या होत्या. पण एक हिमाचलच्या डोंगरात आणि दुसरी निलगिरीत. चावल्यानंतर वेळेत तिथे पोचायचं, मग साधारण दोन आठवडे रोज पोटात सुई घ्यायची आणि तेवढे दिवस परक्या मुलखात राहायचं. उपचार लांबच्या शहरात असेल तर तो गरिबासाठी असून नसल्यासारखा, हे यावरून कळावं.

गोविंदाच्या मृत्यूतून जे.जे.च्या धर्मशाळेपर्यंत एक सरळ रेघ ओढायचा मोह होतो. ती ओढू नये. चोखामेळा धर्मशाळा या घटनेच्या आधीच उभी होती. बाबांचं काम पुत्रशोकातून सुरू झालं नाही. ज्याला आत जागा नाही त्याच्यासाठी बाहेर जागा करायची, हे त्यांचं आधीपासून चालूच होतं. देवळाबाहेरच्या माणसासाठी केलं, मग दवाखान्याबाहेरच्या माणसासाठी केलं.

मुंबईशी बाबांचा संबंध जुना होता. गिरणगावात कोकणातला, घाटावरचा, वऱ्हाडातला माणूस दाटीवाटीने राहत होता आणि बाबांच्या कीर्तनाला तुफान गर्दी करत होता. याच लोकांचे गाववाले उपचारासाठी मुंबईला यायचे. दहा बाय दहाच्या खोलीत आधीच दहा जण झोपत असताना अकरावा आणि बारावा कुठे घ्यायचा? गाववाल्याला नाही म्हणवत नाही आणि ठेवताही येत नाही, ही चाळीतल्या प्रत्येक घराची पंचाईत होती.

१९५२ साली संस्थांचा कारभार नीट चालावा म्हणून श्री गाडगेबाबा मिशन स्थापन झालं आणि १९५४ साली जे.जे.ची धर्मशाळा झाली. बाबा तेव्हा ७८ वर्षांचे होते आणि मधुमेहाने बेजार होते. आयुष्यभर फुटक्या गाडग्यात खाल्लेल्या माणसाला म्हातारपणी दवाखान्याच्या चकरा सुरू झाल्या होत्या.

आजारपणावरून बाबांची आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची एक गोष्ट सांगितली जाते. बाबासाहेब तेव्हा देशाचे कायदेमंत्री होते. गाडगेबाबा मुंबईत आजारी आहेत असा निरोप आला, तेव्हा दिल्लीला जायची घाई बाजूला ठेवून ते भेटायला गेले आणि जाताना दोन घोंगड्या घेऊन गेले. कुणाकडून काही न घेणाऱ्या बाबांनी त्या घेतल्या. आजारी माणसाकडे जाताना नेमकं काय न्यावं हे बाबासाहेबांना बरोबर कळलं होतं, असंच म्हणावं लागेल. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी पुढे बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, मुलांच्या वसतिगृहासाठी. ज्या छपराखाली अडवलेले वारकरी राहत होते तिथे त्यांची पोरं शिकायला राहणार होती.

आता एक मुद्दा, जो आजच्या काळात तर मुद्दाम सांगायला हवा. बाबांच्या हयातीत लाखो रुपयांच्या इमारती उभ्या राहिल्या. नाशिकसारख्या मोक्याच्या गावात, मुंबईसारख्या महागड्या शहरात. पण यातल्या कशावरही आपल्या बायको-मुलींचा किंवा नातेवाइकांचा हक्क राहणार नाही, हे बाबांनी पक्कं करून ठेवलं होतं. कुंताबाईंनी यावर काय सोसलं असेल ते त्यांनाच ठाऊक. नवरा जिवंत असताना, त्याच्या नावाचा जयजयकार होत असताना, त्यांचे दिवस गरिबीतच गेले. बाबांच्या कामाची किंमत त्यांनी एकट्यांनी मोजली नाही, घरच्यांनीही मोजली. चरित्रांमध्ये हा भाग बहुतेक वेळा दोन ओळींत उरकला जातो.

पण त्याच अटीमुळे एक गोष्ट झाली. बाबा गेल्यावर धर्मशाळा वारसदारांच्या वाटणीत गेल्या नाहीत. त्या चालू राहिल्या.

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगाव इथे पेढी नदीच्या परिसरात, गाडीतून नेत असतानाच बाबांनी प्राण सोडला. घर सोडल्यापासून ५१ वर्षं रस्त्यावर असलेला माणूस रस्त्यातच गेला. अमरावतीत त्यांची समाधी आहे. त्या भागाला आज गाडगेनगर म्हणतात.

मग दादरची धर्मशाळा? मुंबईत पेशंटच्या नातेवाइकाला गाडगे महाराज धर्मशाळा विचारली तर तो बहुधा दादरचाच पत्ता सांगेल. ती बाबांच्या मागे, १९८० च्या दशकात, त्यांच्या मिशनच्या माणसांनी उभी केली. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल तिथून जवळ आहे. १९४१ पासून देशभरातून कॅन्सरचे पेशंट तिथे येतात. बिहार, बंगाल, उत्तर प्रदेश, विदर्भ, मराठवाडा, सगळीकडून. दादरच्या या इमारतीत शेकडो पेशंट आणि त्यांचे नातेवाईक नाममात्र पैशांत राहतात.

त्यात लहान मुलंही असतात. मुलांमध्ये जास्त आढळणारा कॅन्सर म्हणजे रक्ताचा, आणि तो वेळेत सापडला तर बरा होण्याची शक्यता चांगली असते. पण उपचार दोन-अडीच वर्षं चालतो. त्यातले पहिले काही महिने तर सतत हॉस्पिटलजवळ राहावं लागतं. किमोथेरपीत पांढऱ्या पेशी कमी होतात, म्हणजे साधा ताप आणि साधं दूषित पाणीही पोराच्या जिवावर उठू शकतं. डॉक्टर सांगतात, ताजं शिजवलेलं खायला द्या, उकळलेलं पाणी द्या, गर्दीत नेऊ नका. फुटपाथवर झोपणाऱ्या आईने हे कसं करायचं? तिला एक चूल, एक नळ आणि एक दार लागतं. म्हणून लहान मुलांच्या कॅन्सरवर काम करणारे डॉक्टर आज राहायच्या सोयीला उपचाराचाच भाग धरतात. गरीब देशांत मुलं कॅन्सरने दगावण्याचं एक मोठं कारण उपचार मध्येच सोडणं हे आहे, आणि ते सोडण्यामागे बऱ्याचदा राहण्या-खाण्याचा खर्च असतो.

मुंबईत आता या कामात इतरही संस्था आहेत. २००६ पासून सेंट जूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था कॅन्सर झालेल्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना उपचार संपेपर्यंत मोफत ठेवून घेते. तिथेही प्रत्येक कुटुंबाला स्वतःचा स्वयंपाक करता येतो. तरीही टाटा हॉस्पिटलसमोरच्या फुटपाथवर प्लास्टिक बांधून राहिलेली कुटुंबं दिसतातच. जागा कायम कमी पडते.

बाबांच्या नावाने जी दशसूत्री सांगितली जाते, तिच्यात आजाऱ्याला औषध देणं हे एक कलम आहे आणि बेघराला आसरा देणं हे दुसरं. कागदावर ती वेगवेगळी आहेत. दादरला रोज संध्याकाळी हॉस्पिटलमधून परतणारी माणसं, एका हातात फाइल आणि दुसऱ्या हातात भाजीची पिशवी घेऊन, एकाच दारातून आत जातात.